तुझ्या बॅचला शिकवताना

करुणा, रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला मी विहारात सगळ्यांत मागच्या खुर्चीवर बसले होते, आणि खरं सांगते, जळत होते. समोर तुझा फोटो, फुलं, मेणबत्त्या, पहिल्या रांगेत तुझी आई. आणि मी मागे बसून मोजत होते की तुझ्यावर किती जण बोलायला उठतात. सतरावा पोरगा उठला तेव्हा मोजणं सोडून दिलं. मेलेल्या मैत्रिणीचा हेवा करणारी बाई कशी असते हे बघायचं असेल, तर त्या दिवशी त्या शेवटच्या खुर्चीकडे बघायला हवं होतं.

आणि सगळे सांगत काय होते? एकच गोष्ट. पहिल्या दिवशी मॅडमनी आम्हाला आमचंच नाव मराठीत छापायला लावलं. पुण्यात नोकरी करणारा एक जण फोनवरून बोलला, कोणीतरी फोन माईकला लावून धरला होता, त्यानेही तेच सांगितलं. यातली निम्मी पोरं माझ्याकडेही शिकली आहेत गं. डेटा स्ट्रक्चर मी शिकवलं, पॉइंटर मी घोटून घेतले. शेवटी एकाला माझी आठवण झाली. तो म्हणाला, ‘‘आन् त्या बाजूच्या खोलीतल्या मॅडम बी होत्या.’’ झालं, एवढीच मी.

कार्यक्रम संपायच्या आधी मिलिंद माझ्याकडे आला. सुजलेले डोळे, तरी नवरा म्हणून सगळ्यांची विचारपूस करत फिरत होता बिचारा. म्हणाला, ‘‘वैशाली, दोन शब्द तू बोल. तिच्या सगळ्यांत जवळची तर तूच होती.’’ मी गळ्याकडे बोट दाखवलं, आवाज बसल्याचं नाटक केलं. मग म्हणाला, बरं, लिहून दे, पोरं मिळून एक छोटी पुस्तिका काढून राहिले आहेत. ते लिहायला बसले आहे. कुठे जन्मलीस, किती शिकलीस, हे सगळं मिलिंद लिहील. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि त्यातलं बरंचसं बोलायला मी उशीर केला आहे.

पॉलिटेक्निकात आपण एकाच बाकावर होतो. नोकऱ्या धरल्या, सोडल्या, लेकरं झाली, आणि मग प्रताप नगरात तळमजल्याच्या दोन खोल्या घेऊन आपण सी भाषेत प्रोग्रामिंग शिकवायचा क्लास काढला. मधे प्लायवूडचं पार्टिशन. इकडे मी, तिकडे तू. तू मनीषनगरहून स्कूटीवर यायचीस, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून, फक्त डोळे दिसायचे. डब्यात तुझ्या आईने भिवापूरहून पाठवलेल्या मिरचीचा ठेचा असायचा आणि तू तो न विचारता माझ्या पोळीवर ठेवायचीस. मी ‘नको’ म्हणायचे आणि खायचे. नाकातून, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तू म्हणायचीस, ‘‘रडून राहिली काहून वं, अजून तर पेपर यायचा आहे.’’ असं तुझ्याबरोबर जेवायला मिळालं याबद्दल मला तुझे आभार मानायचे होते, ते राहिले.

पण ते पार्टिशन. प्लायवूडला काय थोपणार? तुझ्या खोलीतला एकूण एक हशा माझ्या खोलीत यायचा. मी फळ्यावर रिकर्शनचा आराखडा काढत असायचे आणि पलीकडे तीस पोरं खिदळत असायची. माझी पोरं माझ्याकडे बघायची आणि त्यांचे कान भिंतीला. माझ्या नाकाला तेव्हा झोंबायचं ते तुझ्या ठेच्यापेक्षा जास्त.

त्या दिवसाचं तुला आठवतं का, आपला पहिलाच उन्हाळा. मी वर्गात आले तर माझ्या बॅचच्या खुर्च्याच नाहीत. पोरं उभी. मी तरातरा तुझ्या खोलीत आले. तिथे सगळ्या खुर्च्या रांगेत लावलेल्या, आणि राहुल नावाचा एक पोरगा तीन खुर्च्यांवर आडवा पडलेला.

‘‘काहून वं, माझ्या खुर्च्या काहून आणल्या?’’ मी म्हटलं.

‘‘थांब ना जरासक,’’ तू म्हणालीस, ‘‘माझे दोन बाइट अजून उभेच आहेत.’’

सगळी खोली हसली. मीही हसले असते, पण माझ्या खुर्च्यांचा प्रश्न होता.

ते मल्टिबाइट होतं. तू त्यांना सांगत होतीस की संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षर एका खुर्चीवर, म्हणजे एका बाइटवर, मावतं, आणि आपल्या मराठीच्या एकेका चिन्हाला तीन-तीन खुर्च्या लागतात. म्हणून राहुलने स्वतःच्या नावाची लांबी विचारली की सी त्याला पंधरा सांगतं. सी अक्षरं मोजतच नाही, खुर्च्या मोजतं. मग तू अंगणातली बाकडी आत आणवलीस. आता प्रत्येकाला एक बाकडं. बारीक असो की जाडा, इंग्रजीचा असो की मराठीचा, एकाला एक. हे वाइड कॅरेक्टर. आता बाकडी मोजली की माणसं मोजल्यासारखीच. खुर्च्यांवरून उठवून बाकड्यांवर बसवायचं काम जे फंक्शन करतं, त्याचं नाव इतकं भयंकर की मी ते फळ्यावर लिहिताना अजूनही एकदा पुस्तकात बघते. तुझ्या पोरांनी त्याचं नाव ‘बाकडेवाला’ ठेवलं होतं. पेपरात कोणीतरी खरंच बाकडेवाला लिहून आलं, तेव्हा मला कोण आनंद झाला होता!

‘‘हे अभ्यासक्रमात नाही,’’ मी तुला डबा खाताना म्हणायचे.

‘‘त्यायचं नाव बी अभ्यासक्रमात नाही,’’ तू म्हणायचीस. ‘‘आपलं नाव धड छापता येत नसन तर कायचा प्रोग्रामर?’’

वादात हरणं मला अजिबात सहन होत नाही, हे तुला माहीत होतं. आपण दोघींनी कितीदा हा वाद घातला. मी म्हणायचे, पोरांच्या आईबापांना पास झालेली पोरं पाहिजेत. तू म्हणायचीस, पास तर ते तुझ्याकडे होतातच ना. यात टोमणा नव्हता, हे मला आता कळतं. तुला खरंच वाटायचं की मी तुझ्यापेक्षा चांगली शिकवते. तू तसं पोरांना सांगायचीसही. जिच्यावर जळायचं तीच आपलं कौतुक करत फिरायला लागली की जळणाऱ्याने जावं कुठे?

त्याहून मोठा वाद तर यंदाचा. तुझ्या बॅचला ज्योत्स्ना आली, भिवापूरचीच, इथे मावशीकडे राहणारी. चष्मा लावून पुढच्या बाकावर बसायची आणि कोणाला घाबरायची नाही. तिचं नाव छापलं तर लांबी तीस. तू बाकडेवाला चालवलास, तर दहा. तू खुश. मी दारात उभी होते, मला राहवलं नाही. म्हटलं, ‘‘करुणा, तिला विचार तिचं नाव किती अक्षरांचं आहे.’’ ती म्हणाली, दोन. ‘‘मग दोन अक्षरांच्या पोरीला दहा बाकडी? यात कोडं सुटलं कुठे? उद्या रकान्यात नाव मावलं नाही आणि तू सातव्या बाकड्यावर कापलंस, तर तिचं नाव अर्धवट तुटणारच.’’

कधी नव्हे ते मी तुला पकडलं होतं. जोडाक्षराचा तुकडा, मात्रा, सगळं वेगवेगळ्या बाकड्यावर बसतं, म्हणजे वाइड केल्याने मराठीचं दुखणं अर्धंच बरं होतं, हे तू पोरांना सांगायला विसरली होतीस. मी वाट बघत होते की आता तू खजील होशील. तू काय केलंस? टाळी वाजवलीस. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंस, ‘वैशाली मॅडमची हरकत’, आणि खाली रेघ ओढलीस. पोरांना म्हणालीस, ‘‘पाहा, हे मले सुचलं नव्हतं. आता यावर तोड शोधा.’’ पुढचे चार दिवस तुझी बॅच माझ्या हरकतीवर भांडत होती, हसत होती, आणि तो सगळा दंगा पार्टिशनमधून माझ्याकडे येत होता. माझी एकुलती एक जीतसुद्धा तुझा धडा होऊन गेली. मला तू म्हणालीस, ‘‘पुढच्या आठवड्यात दोघी मिळून बसू, हे पूर्ण सोडवू.’’ मी म्हटलं, बघू. तो पुढचा आठवडा तुझ्याकडे नव्हता.

आता ते सांगते, जे लिहायला मी चार दिवस टाळाटाळ केली.

जूनमध्ये एका इंजिनिअरिंग कॉलेजातून फोन आला होता. क्लासच्या पाटीवर माझा नंबर आहे, म्हणून मला आला. विभागप्रमुख बोलत होते. तुझा अर्ज त्यांच्याकडे होता, तासिका तत्त्वावर शिकवण्यासाठी. तू अर्ज केल्याचं मला माहीत होतं, तूच दाखवला होतास. त्यांनी विचारलं, ‘‘करुणाताई तुमच्याबरोबर शिकवतात ना? कशा आहेत?’’

मी म्हणाले, ‘‘शिकवतात छान. पण अभ्यासक्रमाबाहेर फार जातात हो. मुलं रमतात, पण पेपराच्या दृष्टीने… खुर्च्या-बिर्च्या मांडून शिकवतात.’’

बस, एवढंच. यातलं एकही वाक्य खोटं नाही, हे मी त्या दिवसापासून स्वतःला रोज सांगते आहे. ते ‘अच्छा, अच्छा’ म्हणाले आणि फोन ठेवला. तुला काही त्यांनी बोलावलं नाही. पलीकडे तू तेव्हा शिकवत होतीस, आणि पोरं हसतच होती.

ऑगस्टमध्ये मीच मानभावीपणे तुला विचारलं, ‘‘काय झालं वं त्या कॉलेजचं?’’ तू डब्याचं झाकण लावत म्हणालीस, ‘‘नाही आला फोन. बरंच झालं. एवढ्या लांब रोज कोण जाऊन राहिलं असतं?’’ मी म्हटलं, ‘‘तिथलं राजकारणच तसलं असतं.’’ आणि तुझ्या पाठीवर हात ठेवला. तुला सहज वाटलं असेल ना, मैत्रिणीने हात ठेवला. मला हायसं वाटलं होतं, की तुला फारसं लागलेलं दिसत नाही. त्या हायसं वाटण्यावर मी पुढचे तीन-चार महिने निवांत जेवले, तुझ्याच ठेच्याबरोबर.

तू गेल्यावर तुझी बॅच माझ्याकडे आली. दुसऱ्या कोणाकडे जाणार होती? पोरांनी सांगितलं, मॅडमचा तो भाग अर्धा राहिला आहे, मल्टिबाइटचं वाइड करण्याचा, प्रोग्राम लिहून चालवायचा होता. मी म्हटलं, बुधवारी घेते. आणि करुणा, मी तीन दिवस तयारी केली. वीस वर्षं जे ‘अभ्यासक्रमात नाही’ म्हणून हिणवलं, ते घरी बसून वहीत लिहून काढलं. मला तुझ्यासारखं शिकवायचं नव्हतं. मला तुझ्यापेक्षा चांगलं शिकवायचं होतं. तू जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते आणि माझी शर्यत सुरूच होती.

बुधवारी पोरं स्वेटर घालून, हात बगलेत घालून बसली होती. मी तुझ्याच जुन्या मशीनवर, जिच्यावर तू हट्टाने लिनक्स टाकलं होतंस, प्रोग्राम लिहायला घेतला. पडदा भिंतीवर दिसत होता. भराभर लिहिला. ज्योत्स्नाचंच नाव घेतलं. फंक्शन बोलावलं. उत्तर शून्यापेक्षा कमी आलं तर ‘चूक आहे’ असं छाप, हेही लिहिलं, कारण मी शिस्तीची बाई. चालवला.

पडद्यावर वीस आकडी संख्या आली आणि प्रोग्राम कोसळला.

मी पुन्हा चालवला, पुन्हा तेच. ओळ न् ओळ वरून खाली वाचली. मग दिसलं. सुरुवातीची एक ओळ राहिली होती, जी प्रोग्रामला सांगते की बाबा, तू कुठल्या भाषेच्या मुलखात आहेस. ती नसली की ते फंक्शन मराठी ओळखतच नाही, उणे एक देऊन मोकळं होतं. आणि ते उणे एक संख्येच्या ज्या प्रकारात येतं, त्या प्रकारात उणे संख्याच नसते. म्हणून माझी ती शून्यापेक्षा कमीची तपासणी कधीच लागू होणार नव्हती, आणि चूक सांगणारं उत्तर भलीमोठी लांबी बनून पुढे गेलं. एकात एक दोन चुका, आणि दोन्ही अशा की ज्यांच्यासाठी मी माझ्या बॅचच्या पोरांचे कान पिळले असते. ‘‘ती ओळ पाठ करून टाका, डोकं चालवू नका,’’ असं तुझ्यासमोर तुझ्या पोरांना सांगणारी मी!

कोणी हसलं नाही. तेच तर लागलं. तुझ्यापुढे हसले असते.

मग ज्योत्स्ना चष्मा वर सरकवत म्हणाली, ‘‘मॅडम, करुणा मॅडम बी असंच करणार होत्या. त्या म्हणल्या होत्या, पहिले मुद्दाम चुकवून दाखवीन, मग तुमाले समजन. तुम्ही बी मुद्दामच केलं ना?’’

तीस चेहरे माझ्याकडे बघत होते. त्यांना ‘हो’ ऐकायचं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर मी त्या क्षणी करुणा झाले असते गं. इतकी वर्षं जे हवं होतं ते एका शब्दावर आलं होतं, आणि तोही शब्द तुझाच उष्टा.

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘माझं खरंच चुकलं. मला हे नीट येत नाही. त्यांना येत होतं.’’

आणि एवढ्यावर थांबता आलं असतं. पण एकदा खरं बोलायला लागल्यावर तोंड बंद होईना. मी खुर्चीवर बसले आणि त्यांना तो फोन सांगितला. सगळा, शब्द न बदलता. खुर्च्या-बिर्च्यासकट. मी का तसं म्हणाले तेही सांगितलं. तुमच्या मॅडमवर मी जळत होते, म्हणाले. पहिल्या दिवसापासून जळत होते.

मागून एक पोरगा उठला, बॅग उचलली आणि बाहेर गेला. मी त्याला थांबवलं नाही. बाकीचे बसून राहिले, खाली मान घालून. मला वाटलं, आता सगळेच उठतील, आणि उठले तर बरंच होईल.

ज्योत्स्ना उठली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज एकदम सरळ होता. म्हणाली, ‘‘मॅडम, त्यायले ते कॉलेज लय पाहिजे होतं. रोज फोनची वाट पाहून राहिल्या होत्या. एक दिवस वर्गातच रडल्या. आमाले म्हणल्या, बाजूच्या खोलीत आवाज जाऊ देऊ नका, वैशाली मॅडमले सांगू नका, ते उगाच माह्यासाठी जीव जाळन.’’

मला एकदम आठवलं. ऑगस्टमधला तो डबा, ते झाकण, ‘बरंच झालं’ म्हणणारी तू. पार्टिशनमधून मला तुझा प्रत्येक हशा ऐकू आला होता आणि ते एक रडणं तेवढं ऐकू आलं नाही, कारण तू ते माझ्यासाठी दाबलं होतंस.

तरी ऐक, मी कशी आहे ते. मला सगळ्यांत आधी लाज वाटली नाही. सगळ्यांत आधी वाटलं, हिने हे त्यांना सांगितलं आणि मला नाही. तीस परक्या पोरांपुढे रडलीस आणि माझ्यापुढे डबा बंद केलास. मी पुन्हा जळले, करुणा, तिथेच, त्या पोरीच्या पाण्याने भरलेल्या डोळ्यांसमोर. लाज त्यानंतर आली, आणि ती अजून गेलेली नाही.

पोरांना सुट्टी दिली. उद्या हे कागद मिलिंदच्या हातात देईन. पुस्तिकेत घालायचे की फाडायचे ते तो ठरवेल, आणि माझ्याशी पुन्हा बोलायचं की नाही तेही. मला तुला एवढंच विचारायचं होतं, की तू रडायला माझ्याकडे का आली नाहीस. पण ते विचारायचा हक्क मी जूनमध्येच त्या फोनवर घालवून बसले होते.